निळं राहिलं तर

इसिओलोच्या दूध-शेडला भिंती तीनच.
चौथ्या बाजूला रस्ता, आणि रस्त्यावर नैरोबीची बस,
जी साडेनऊला सुटते
म्हणजे गलगालो नऊपासूनच हॉर्नवर बसतो.

माझी पेटी शाळेच्या डब्याएवढी.
आत बारा नळ्या, एक ड्रॉपर, निळ्या औषधाची बाटली,
नळ्यांना ऊब देणारा बॅटरीवरचा ठोकळा.
दुधात थेंब सोडायचा. दहा मिनिटं थांबायचं.
निळं राहिलं तर बसमध्ये.
जांभळट झालं तर मी रस्त्याकडे बघते, मग पुन्हा नळीकडे.
गुलाबी झालं तर परत.
मेरूला तीन दिवसांत एवढं शिकवलं.
कुणाचं परत, ते नाही शिकवलं.

बायका रात्री दोनला निघालेल्या असतात.
सांडणीचं दूध, पिवळे कॅन,
ज्यांत कधीकाळी खाद्यतेल होतं
आणि वास अजून आपलं घर सोडत नाही.
पूर्वी विणलेली भांडी होती, आतून धुरी दिलेली,
पण बसच्या टपावर ती एकमेकांना फोडतात.

दिरामू मावशी झाकण काढते,
डोळे मिटते, नाक आत घालते.
हे काल संध्याकाळचं. ही परवा व्यालेली.
हिनं कॅन धुतला, पण ज्या पाण्यानं धुतला ते
तिनं शेळ्यांनाही पाजलं नसतं.
"तुझी दहा मिनिटं," म्हणते, "माझा एक श्वास."
आणि चार महिने आमचं जुळत आलं.
एकदाच चुकलं, तेव्हा तिला सर्दी होती.

मंगळवारी ठोकळा मेला.
लाल दिवा दोनदा लुकलुकला, मग तोही नाही.
बारा नळ्या भरलेल्या, गलगालोचा हात हॉर्नवर.
मी सहा नळ्या डाव्या काखेत घेतल्या, सहा उजव्या,
हात छातीशी आवळून उभी राहिले,
थंडीत कुडकुडणाऱ्या बाईसारखी, चाळीस अंश उन्हात.
बायका हसल्या.
अर्दो म्हणाली, अंडी उबवतेय पोर.
मी मिनिटं मोजत होते आणि काखेत
बारा घरांचं दूध माझ्याच तापमानाला येत होतं.

अकरा निळ्या.

बारावी काढली तेव्हाच कळलं होतं.
जास्वंदीचा नाही, आजारी डोळ्यांचा असतो तसा गुलाबी.
तिच्यावरच्या पट्टीवर माझ्याच अक्षरात: दि.

मी म्हणू शकले असते, काखेतली ऊब
कमी-जास्त होते. नवीन बॅटरी आली की
पुन्हा बघू. बस थांबली नसती. कॅन गेला असता.
ईस्टलीच्या कुठल्याशा चहाच्या टपरीत
उकळलाही गेला असता, बहुतेक.
बहुतेक.

"मावशी, तुझं परत," म्हटलं.
आवाज हवा त्याहून मोठा निघाला.

तिनं झाकण उघडलंच नाही.
उघडायची गरज नव्हती, हे माझ्या उशिरा लक्षात आलं.
वाटेत ट्रकचं चाक बसलं होतं, तीन तास,
तिच्या नाकानं तेव्हाच सांगितलं असणार.
पण कॅनमध्ये तलासोचंही दूध होतं,
आणि तलासोच्या मुलाची फी.

कॅन उचलताना ती एवढंच म्हणाली,
"मला वाटलं, तू दुसरीकडे बघशील."
रागानं म्हणाली की कसं, ते मला अजून कळलेलं नाही.
आंबवून अर्ध्या भावात विकेन, असं काहीतरी पुटपुटली,
आणि रस्ता ओलांडून गेली,
बस जाईपर्यंत न थांबता, बसच्या समोरून.

रात्री परकराच्या खिशात ती नळी हाताला लागली.
पुसायची राहून गेलेली.
दिव्यापाशी धरली.
गुलाबीही उरला नव्हता.
पांढरी. शुभ्र.
कुणीही पाहिलं असतं तर म्हणालं असतं,
दूध आहे.